डिशमधला निकाल

"डिशमधला निकाल घरी सांगायचा नाही," असं प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तिला तिथल्या मॅडमनी बजावलं होतं, पण तिने ते हसण्यावारी नेलं. काचेच्या डिशमध्ये वाढवलेल्या हाडाच्या कॅन्सरच्या पेशींवर एका पाल्याचा अर्क टाकला आणि त्या भराभर मेल्या, ही बातमी तिच्या पोटात राहीना. भावाच्या लेकीला हाच आजार होता. त्याच संध्याकाळी तिने भावाला फोन लावला.

तीन महिन्यांनी ती माहेरी गेली, तर भाचीच्या डोक्यावर मऊ मऊ केस उगवलेले. तिने त्यांवरून हात फिरवला.

"वहिनी, संपली का केमो?"

"बंदच केली, वन्सं," वहिनी मिक्सरमधला त्याच पाल्याचा हिरवा रस गाळत म्हणाली. "घरचं औषध असताना ते विष कशाला?"

"अगं, डिशमध्ये त्या पेशी फिनेलनेसुद्धा मरतात!"

वहिनीचा हात जागीच थांबला. पलंगावरून भाचीने मात्र पेल्यासाठी हात पुढे केला. "आण ना, आई. आत्या, मी एक दिवसही चुकवलं नाही हं."

तुमच्या ओळखीत कुणी आजारी असेल, तर आजच जा आणि एवढंच विचारा, दवाखान्याची पुढची तारीख कधी आहे?