अर्धी शक्यता

"अर्धी," भिंगरी म्हणाली.

वर्ग खो-खो हसला. गणिताच्या बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. संभाव्यतेचा धडा चालू होता आणि बाईंनीच सांगितलं होतं, आपापल्या घरातलं एखादं उदाहरण द्या. भिंगरी उठून उभी राहिली होती. तिची आई नर्स होती, लांबच्या गावातल्या दवाखान्यात. महिन्यातून एकदा घरी यायची. आता इथल्या दवाखान्यात एक जागा निघाली होती आणि पाच नर्सेसनी ती मागितली होती. पाचही जणींची नोकरी सारखीच जुनी. म्हणून मेट्रन शुक्रवारी पाच चिठ्ठ्या टाकून त्यातली एक उचलणार होत्या.

"मग आईची चिठ्ठी निघण्याची शक्यता किती?" बाईंनी विचारलं होतं. सगळा वर्ग "एक छेद पाच" म्हणून ओरडला. भिंगरी एकटी अर्ध्यावर अडून बसली.

"आई येईल, नाहीतर येणार नाही. दोनच तर गोष्टी आहेत, बाई."

बाईंनी पिशवीत चार काळी बटणं टाकली, एक लाल टाकलं. लाल निघण्याची शक्यता किती? भिंगरीने पापणीही न लवता सांगितलं, एक छेद पाच. मग लाल बटण म्हणजे तुझी आई असं समज, बाई म्हणाल्या. भिंगरीने मान खाली घातली. "आईची अर्धीच," ती पुटपुटली.

एरवी ही पोर गणितात वर्गाच्या चार पावलं पुढे असायची. बाईंना काही केल्या उलगडेना. पालकसभेच्या दिवशी त्यांनी तिच्या वडिलांना थांबवून घेतलं.

वडील बेकरीवाले. भट्टीवरून तसेच उठून आले होते, कानाच्या पाळीला पीठ लागलेलं. आईची बदली झाल्यापासून घरात दोघंच. भिंगरी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत पाय हलवत बसली होती. बाईंनी बटणांची गोष्ट सांगितली, चिठ्ठ्यांची सांगितली. वडिलांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग लेकीकडे एकदा पाहिलं.

"बाई, ती म्हणते ते मला तरी पटलंय," ते म्हणाले. "येईल, नाहीतर नाही येणार. झालं की अर्धं-अर्धं!"

भिंगरीचा चेहरा खुलला. बाईंनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. ज्याने रोज कणकेचे सारखे गोळे तोडायचे, त्या माणसाने असं बोलावं! पोरीच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं ते आता कळलं, असं त्यांना वाटलं. पण बापलेक हातात हात घालून इतके मजेत निघाले, की पुढे काही बोलायचं त्यांच्या जिवावर आलं.

शुक्रवारी चिठ्ठी निघाली. दुसऱ्याच कुणाची तरी.

सोमवारी बाई शाळेत आल्या त्या धास्तावूनच. अर्धी आशा धरून बसलेल्या पोरीला आता काय समजवायचं? मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. भिंगरी बाकावर बसून डबा खात होती. बाई तिच्या शेजारी टेकल्या.

"वाईट वाटलं ना गं?"

"वाटलं," भिंगरी म्हणाली. "पण न निघण्याचीच शक्यता जास्त होती ना, बाई. चार छेद पाच."

बाई बघतच राहिल्या. "तुला येत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग अर्धी, अर्धी काय लावलं होतंस?"

"बाबांसाठी." भिंगरीने डब्याचं झाकण लावलं. "सोडतीचं कळल्यापासून त्यांचं कशात लक्ष नव्हतं. जेवायचे नाहीत धड. एकदा तर सगळ्या पावांत मीठच विसरले, गिऱ्हाइकं बोलून गेली. मग मी सांगितलं, बाबा, अर्धी शक्यता आहे, आमच्या पुस्तकात आहे तसं. त्या दिवसापासून भट्टीपुढे शीळ घालायला लागले. वर्गातली निम्मी मुलं आमच्याकडे पाव घ्यायला येतात, बाई. इथे खरं बोलले असते, तर तासाभरात बेकरीत पोचलं असतं."

बाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "आणि आता? आता काय सांगितलंस त्यांना?"

"आता खरंच सांगून टाकलं. पुढची जागा निघाली की उरलेल्या चौघींतच सोडत होणार आहे, आई म्हणाली फोनवर. म्हणून आज सकाळी बाबांना म्हटलं, आता चारच चिठ्ठ्या. म्हणजे एक छेद चार. म्हणजे पाव. मला वाटलं, खट्टू होतील. पण ते एवढे खूश झाले, बाई! पिठाच्या हातांनीच मला उचललं आणि म्हणाले, अरे वा, म्हणजे वाढलं की!"

ती हसली. मग हसता हसता थांबली.

"अर्ध्याचं पाव झालं," ती स्वतःशीच म्हणाली. "मग वाढलं कसं?"

फळ्यापुढे उभ्या असलेल्या मुलाला देतात तसा बाईंनी तिला वेळ दिला.

भिंगरीचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"बाई... बाबांना आधीपासूनच एक छेद पाच येत होतं!"