बसण्याची वेळ

हत्ती तुळशीपाशी आला तेव्हा कमलाक्षीने डोळे मिटलेलेच ठेवले. आधी वास आला होता, चेचलेल्या केळीच्या गाभ्याचा. मग पाचोळ्यावर पाय पडल्याचा आवाज. एवढं मोठं जनावर, पण चाल मांजराची.

ती सोप्याच्या पायरीवर पाट टाकून बसली होती. रक्तदाबाच्या गोळ्या देताना पेडण्याच्या डॉक्टरने बजावलं होतं, सकाळी थोडा वेळ कोणाचं काही करायचं नाही, श्वासाकडे लक्ष देऊन नुसतं बसायचं. लग्न होऊन कोरगावात आल्यापासून तिला नुसतं बसायला कोणी सांगितलं नव्हतं. ती मनापासून बसू लागली आणि अशीच बसलेली असताना एका सकाळी काजूच्या डोंगरावरून हा खाली उतरला. एक सुळा अर्धा मोडलेला. गावाने हात जोडले. तिने पायरीवर केळ्यांचा घड ठेवला.

वनखात्याचा माणूस घरोघर सांगून गेला, खायला घालू नका, तो चटावेल. सगळ्यांनी माना हलवल्या, तिनेही हलवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा घड ठेवला.

"आई, आत या." खिडकीतून सून गौरवी कुजबुजली. "आज परत केळी ठेवलीत ना?"

"गप गो. तो काय करत नाही."

"डोळे उघडून बघा तरी. कानशिलावरून काळं पाणी गळतंय त्याच्या. मस्तीवर आलाय तो!"

कमलाक्षीने डोळे उघडले.

सोंड तिच्या गुडघ्यापासून हातभर लांब होती. केळी उचलत नव्हती, नुसती चाचपत होती. डोळ्याच्या मागून कानापर्यंत एक ओला काळा ओघळ. रोज हलणारे कान आज ताठ. तिने श्वास घ्यायचा प्रयत्न केला. तो छातीत शिरेचना.

तेवढ्यात पलीकडच्या वाड्यावर पों-पों वाजलं. बस्त्यांव पोदेर पाव घेऊन सायकलवरून निघाला होता. हॉर्न ऐकला की एकेक दार उघडायचं, बायका पिशव्या घेऊन रस्त्यावर यायच्या. पों. आता शाळेजवळ. पों-पों. आता चिंचेखाली.

मग हॉर्न थांबला.

थांबला म्हणजे बस्त्यांव कमलाक्षीच्या उताराला लागला होता. तिनेच त्याला सांगितलं होतं, "बस्त्यांव, माझ्या बसण्याच्या वेळेला दारात पों-पों नको रे. डोक्यात जातं." त्याने हसून विचारलं होतं, "देवाक त्रास होता काय, बाय?" आणि त्या दिवसापासून चिंचेखाली आला की तो हॉर्नवरचा हात काढायचा. गेट अलगद उघडून, खांबाला टांगलेल्या पिशवीत पावाचे उंडे ठेवून निघून जायचा. तो कधी आला नि कधी गेला, तिला कळायचंही नाही.

"गौरवी," ती ओठ न हलवता म्हणाली, "मागच्या दारानं जा. पोदेराला अडव."

आत कडी काढल्याचा आवाज झाला. सोंड वर उठली, आवाजाच्या दिशेने वळली. कमलाक्षीने केळ्यांच्या घडाला हात घातला आणि तो पुढे धरला. घडातलं एक केळं तुटून खाली पडलं.

"खा रे बाबा. खा."

हत्तीच्या पायांमधून तिला उतार दिसत होता. सायकल आली. पावाच्या पाटीवर निळं प्लॅस्टिक, बस्त्यांवची मान खाली, दोन्ही हात ब्रेकवर. ओरडावं तर हा अंगावर येणार. न ओरडावं तर तो गेटात शिरणार. बस्त्यांव उतरला. तिची शांतता मोडू नये म्हणून त्याने गेटची कडी दोन बोटांनी हळूच उचलली.

कडी किणकिणली.

हत्ती जागच्या जागी फिरला.

"बस्त्यांव! पळ!"

तिचा आवाज फुटला तेव्हा हत्ती गेटपाशी पोचलाही होता. सायकल आडवी झाली, पाटी उलटली, उंडे उतारावरून घरंगळले. चिऱ्यांच्या गडग्यावरून काहीतरी पलीकडे पडलं. ते बस्त्यांव उडी मारून पडला की हत्तीने फेकला, तिला दिसलं नाही. दिसला तो फक्त हत्तीचा पाय, सायकलवर उचललेला. चाक मोडलं. पाय पुन्हा उचलला आणि हँडलवर ठेवला.

पों!

हॉर्नचा काळा रबरी गोळा पूर्ण दाबला गेला होता. एवढ्या जोरात तो कधीच वाजला नसेल. हत्ती दचकून मागे सरला, कान फडफडवले आणि गेटचा खांब घासत काजूंमध्ये शिरला. डोंगरावर फांद्या मोडत गेल्या. मग त्याही थांबल्या.

कमलाक्षी अनवाणीच धावली. गौरवी दुसऱ्या बाजूने धापा टाकत आली. गडग्यामागे बस्त्यांव बसलेला होता, पाय पोटाशी घेऊन. सदरा फाटला होता, कोपर रक्ताने भरलं होतं. नजर सायकलवर होती आणि उजव्या हाताची मूठ हवेत मिटत होती, उघडत होती, पुन्हा मिटत होती.

"लागलं काय रे? खंय लागलं? बोल रे, बस्त्यांव!"



"तुमी नको म्हणालात, बाय," तो म्हणाला. "म्हणून वाजवलं नाय."