कच्चा दगड

बाबा निवृत्त झाले म्हणून लेकीने दिवसभरासाठी खास गाइड ठरवला. खाणीत सुरुंग लावण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बाबांची छत्रीसारखे, कमानीसारखे उभे खडक बघताना आज पापणी लवत नव्हती.

"पंचवीस वर्षांपूर्वीच या सगळ्याची खडी झाली असती," गाइड म्हणाला. "पण खाणवाल्यांच्याच माणसाने तपासून लिहून दिलं, दगड कच्चा आहे, कामाचा नाही. आमचं नशीब, दुसरं काय!"

लेकीने खडकावर थाप मारली. "खरंच कच्चा आहे का हो, बाबा?"

बाबांनी एक गोटा उचलून खडकावर ठोकला. खणकन आवाज आला.

"कच्चा कुठला, पोलाद आहे नुसतं," गाइडला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले. "तेव्हाही अस्साच वाजला होता."