दोन आण्यांचं ताट

गीताबाईंनी पिठाचा मुद्दाम लहान गोळा परातीत घेतला आणि थापायला सुरुवात केली. भाकरी लहान राहीना. ती पसरत पसरत परातीच्या काठापर्यंत गेली, पातळ झाली आणि कडेला फाटली.

"या हाताला लहान भाकरी येतच नाय गो," त्या सुनेला वैतागून म्हणाल्या. "मेल्याला सवयच नाय."

शहापूरच्या बाजारात गीताबाईंच्या खाणावळीचं नाव होतं ते या हातामुळेच. मुरबाडकडून स्टेशनावर लाकूड नेणारे गाडीवान बैल सोडून इथेच जेवायला बसत. दोन आण्यांत भात, वालाचं कालवण आणि दोन भाकऱ्या. दुपारी इथे जेवलेला गडी रात्री नुसतं पाणी पिऊन झोपला तरी चाले. पण लढाई सुरू झाली आणि तांदळाचा भाव बघता बघता हाताबाहेर गेला. समोरच्या खाणावळवाल्या कमळाकरने दिवाळीत आपलं ताट तीन आण्यांवर नेलं, तेव्हा गीताबाई कमरेवर हात ठेवून दारात उभ्या राहिल्या आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लोकांच्या भुकेवर माड्या बांधतोस काय रे? माझं ताट दोन आण्यांच्या वर गेलं, तर खाणावळीला कुलूप लावीन!"

बोलायला काय जातं? आता कणगीतला तांदूळ तळाला गेला होता. भाव वाढवला तर शब्द जात होता आणि नाही वाढवला तर खाणावळ.

"कमळ, तू थाप बघू," त्या सुनेला म्हणाल्या.

कमळच्या अंगाची हळदही अजून उतरली नव्हती. हात एवढासा. तिने गोळा घेतला, बांगड्या मागे सारल्या आणि पटापट थापलं. भाकरी तिच्या हाताजोगती झाली, गोल, नेटकी आणि लहान. तव्यावर टम्म फुगली. गीताबाईंनी सुस्कारा सोडला. ताटात भाकऱ्या दोनच पडणार होत्या आणि भावही तोच राहणार होता, मग यात फसवणं कुठे आलं? तरी वाढायची वेळ झाली तेव्हा त्या सुनेला पुढे करून चुलीकडे तोंड फिरवून बसल्या.

गाडीवान पंगतीला बसले. देवजी त्यांच्यातला वडीलधारा. त्याने भाकरी उचलली, उलटीसुलटी केली आणि तिच्यावर आपला पंजा ठेवला. पाचही बोटं बाहेर राहिली.

"अगो गीताबाय," तो म्हणाला, "तुमच्या भाकरीखाली माझा पंजा सापडायचा नाय. आज भाकरीच सापडत नाय!"

पंगत खो खो हसली. गीताबाईंचे कान तापले.

"हात सुनेचा हाय," त्या चुलीशीच बोलल्या.

"तसं सांगा की! मंग भाव वाढवा नि तुमचा हात परत आणा. लाकडाचं भाडं आमालाबी वाढून मिळतंय."

"भाव दोन आणे. माझा शब्द हाय."

देवजीने भाकरी संपवली. कालवण ओरपून ताट स्वच्छ केलं, हात धुतले, दोन आणे गीताबाईंच्या डब्यात टाकले. मग कनवटीला हात घालून आणखी एक आणा काढला आणि कमळपुढे धरला.

"घे, पोरी."

"हे काय?" गीताबाई ताडकन उठल्या. "भाव दोन आणे सांगितला ना?"

"तुमचं तुमाला पोचलं. हा सुनेचा. नव्या सुनेच्या हातची पयली भाकरी खायची नि तिच्या हातावर काय न ठेवता उठायचं? आमच्यात तशी रीत नाय. तुमच्यात हाय काय?"

रीत गीताबाईंच्यातही हीच होती. नव्या सुनेचा मान परत करायचा म्हणजे अपशकुन. देवजीमागून एकेक गाडीवान उठला आणि प्रत्येकाने कमळच्या हातावर आणा ठेवला. तिची मूठ मिटेना. तिने ते सगळं सासूच्या ओच्यात ओतलं आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, उद्यापास्न भाकऱ्या तुमी थापा. मी वाढीन."

"खुळी काय गो? पयली भाकरी एकदाच असते."

"पयली कुठली ते आमी ठरवू," देवजी दारातून म्हणाला.

ठरवलंही त्यांनीच. भाकरी पुन्हा परातीएवढी झाली. मधला पावसाळा गेला, गाड्या पुन्हा वाटेला लागल्या. कमळाकर तोवर चार आण्यांवर पोचला होता आणि त्याच्या बाकांवर माश्या बसत होत्या. एका दुपारी तो पंगत भरलेली बघून थेट आत शिरला.

"गीताबाय, तुमीबी तीन आणे घेता म्हणे. कुलूप कधी लावताय?"

"ताटाचा भाव इचार कुणालाबी," गीताबाई थापता थापता म्हणाल्या.

"दोन आणे!" सगळी पंगत घास न थांबवता बोलली.

"मग हा वरचा आणा कसला?"

"नव्या सुनेच्या हातच्या पयल्या भाकरीचा," देवजी म्हणाला.

"नवी सून? कुठाय ती?"

कमळ आतून आली. एका हातात भाकऱ्यांची टोपली होती, दुसरा हात कमरेवर होता. सातव्या महिन्याचं पोट सावरत ती पंगतीतून निघाली.

"जरा सरका," ती म्हणाली, आणि तिला वाट द्यायला कमळाकर पोट आत ओढून भिंतीला चिकटून उभा राहिला.