थोरलीचं कार्ड

"एका बाईला पिशव्या असतात तरी किती हो?" खिडकीतल्या विमावाल्यानं विचारलं, आणि आपल्याच विनोदावर खुदकन हसला.

धाकटीनं खिडकीची कड घट्ट धरली. मागं बाकावर तिची थोरली जाऊ पोटाशी दोन्ही हात कवटाळून बसली होती. ओठ पांढरे पडलेले. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच बजावलं होतं, गर्भाची पिशवी ताबडतोब काढायला हवी. आतली गाठ वाईट आहे. आता थांबणं म्हणजे मरणाला आवतण देणं.

"या बाईंची पिशवी गेल्या वर्षीच काढलीय. इथंच, याच दवाखान्यात. विम्यानं खर्चही दिलाय," तो म्हणाला. "नसलेली पिशवी पुन्हा काढायची म्हणता?"

त्याचं काही चुकत नव्हतं. गेल्या वर्षी कार्ड थोरलीचं होतं, नाव थोरलीचं होतं. टेबलावर निजली होती ती मात्र धाकटी.

दोघी एकाच सूतगिरणीत, एकाच खात्यात, शेजारशेजारच्या यंत्रांवर. उडणाऱ्या कापसानं दोघींचे केस सारखेच पिकायचे आणि झटकले की सारखेच काळे व्हायचे. पण थोरली कायम कामगार आणि धाकटी ठेकेदाराची. म्हणून विम्याचं कार्ड एकीलाच. त्या कार्डात नवरा बसत होता, लेकरं बसत होती, सासूसासरेही बसत होते. जाऊ बसत नव्हती. थोरलीला त्याचा भारी राग. यंत्राच्या खडखडाटात ती गळा मोकळा सोडून गायची,

*जावा-जावा आम्ही दोघी, एका सुताचे दोन पीळ,*
*एकीच्या गं पोटी कळ, दुसरी तुटे तीळ तीळ.*

मग गेल्या वर्षी गिरणीत बायकांची तपासणी झाली. धाकटी आतून बाहेर आली ती रडतच. पिशवीत गाठ आहे, पिशवी काढायला हवी, असं सांगितलं होतं तिला. तिच्यामागून थोरली गेली. बराच वेळ लागला तिला, पण आली ती हसत. "मला कसली धाड भरतेय! मी दगड आहे दगड." आणि घरी पोचायच्या आधीच तिनं आपलं कार्ड धाकटीच्या मुठीत कोंबलं. "फोटो धुरकट आहे, आडनाव एकच आहे. जा, माझी होऊन जा."

"ताई, पकडल्या गेलो तर?"

"तर म्हणेन, सासूनं दोन्ही लेकांना एकसारख्याच बायका आणल्या, आमची काय चूक!"

दवाखान्यात नर्स थोरलीच्या नावानं हाका मारायची आणि धाकटी ढिम्म. शेवटी नर्सनं तिला बहिरी ठरवून टाकलं आणि कानाशी येऊन ओरडायला लागली. घरी आल्यावर त्यावरून दोघी इतक्या हसल्या, की धाकटीचे टाके ताणले.

आता त्याच दवाखान्याच्या खिडकीशी धाकटी उभी होती.

"साहेब, डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघितलंय. पिशवी आहे आत," ती कळवळून म्हणाली. "ताई मरेल हो माझी. हे ऑपरेशन पदरच्या पैशानं करायचं म्हणजे चाळणीनं विहीर उपसणं."

विमावाल्याचं हसू विरलं. त्यानं पुढ्यातल्या पडद्याकडं पाहिलं, मग बाकावरच्या थोरलीकडं, मग हिच्याकडं.

"आहे? मग गेल्या वर्षी काढली ती कुणाची?"

धाकटीला क्षणभर काही ऐकू येईना. खरंच बहिरी झाल्यासारखी. मग तिनं ठरवलं. सांगून टाकायचं. पोटावरचा व्रण दाखवायचा. काय व्हायचं ते होवो, जीव तर वाचेल.

"साहेब, ती..."

"माझीच होती." खांद्यावर हात पडला. थोरली उभी होती. पोटावरचे हात सोडून, सरळ, ताठ. "माझीच काढली साहेब. विसरलेच बघा मी."

"पिशवी काढल्याचं विसरतं का कुणी?"

"अडाणी बाई मी. जरा पोट दुखलं की हिला घोर लागतो. वेडी आहे ती. द्या ते कार्ड इकडं."

मागं रांग कुरकुरायला लागली होती. त्यानं कार्ड सरकवलं.

फाटकाबाहेर येईपर्यंत थोरली ताठ चालली. बाहेर आल्यावर एका हातानं भिंत आणि दुसऱ्यानं धाकटीचा पदर धरून खाली बसली.

"मी आत जाते. सगळं सांगते," धाकटी ओरडली. "सोडा मला!"

"सांग. मग गिरणी मला काढेल. कार्ड जाईल. आणि पुढच्या महिन्यातली तुझी तपासणी? ती कोणत्या कार्डावर करणार? गाठ परत आली तर?" थोरलीनं दम घेतला. "बस इथं. जरा बसू दे मला."

धाकटी बसली. थोरलीनं सवयीनं हात उचलला आणि तिच्या केसांत अडकलेला कापूस वेचायला लागली. धाकटी त्या बोटांकडं बघत राहिली. बघता बघता तिला तपासणीच्या खोलीचं दार आठवलं. आत लागलेला तो वेळ आठवला. हसत बाहेर आलेलं तोंड आठवलं.

"ताई," तिनं विचारलं. "त्या दिवशी तपासणीत तुम्हाला काय सांगितलं होतं?"

थोरलीनं बोटांतला कापूस फुंकून उडवला. तो जाईपर्यंत त्याच्याकडं पाहिलं.

"तुला सांगितलं, तेच."