वळणानंतरचा उशीर

“पाय दाबून धरला तरी ही बया दम खाऊनच पळनार,” हेल्मेट काढता काढता केसरीनाथ पुटपुटला. “तो टर्बो काढून टाक, हरेश. किती वेळा सांगू?”

मागे एक पिंप आडवं झालं होतं. वळणातून निघताना गाडी आधी रेंगाळली, मग एकदम उसळून त्याच्यावर गेली.

काल्हेरला त्यांच्याच जमिनीवर नवं गोडाऊन उभं राहिलं होतं. भाडेकरू यायचा होता. तोवर, दोन हजार सातच्या त्या मे महिन्यात, दोघा भावांनी पुढच्या काँक्रीटवर रिकामी पिंपं मांडून ट्रॅक केला होता. पुढच्या महिन्यात चेन्नईची शर्यत. पन्नाशी ओलांडलेल्या केसरीनाथने त्यासाठी अर्धं आयुष्य वाट बघितली होती.

“टर्बोचं असंच असतं, दादा.” गाडी हरेशनेच बांधली होती. “धुराच्या जोरावर पंखा फिरनार, मग तो इंजिनात जादा हवा कोंबनार. तेवढा उशीर धरूनच पाय द्यायचा.”

“मला शिकवू नको. साधं इंजिन बरं, पाय दिला की लगेच उत्तर. आनि टर्बो हाय, तर पहिल्यासारखा धक्का कुठं हाय? शिट्टी पन न्हाय येत.”

“हवेचा दाब कमी ठेवलाय. सायलेन्सर पन बदललाय.”

“म्हंजे ताकद न्हाय, शिट्टी न्हाय, उशीर तेवढा हाय. असला टर्बो काय हार घालून पूजायचा?”

हेमालीने थर्मासमधला बिनसाखरेचा चहा नवऱ्यापुढे धरला. केसरीनाथने तो बघितलाही नाही. बूट-मोजे काढून चपला सरकवल्या आणि तरातरा गाडीभोवती फिरू लागला. उजवी चप्पल वाटेतच राहिली. हेमाली ती उचलून मागे गेली. काँक्रीटचा चटका तिला चपलेतूनही लागत होता.

“अहो, चप्पल.”

“राहू दे गं. बॉनेट उघड, हरेश. माझ्यासमोर काढ तो.”

हरेश स्वच्छ पाना फडक्याने पुसत बसला. “इंजिन तापलंय. उद्या बघू. अजून थोडा सराव कर, जमेल.”

“मागच्या म्हैन्यात पन हेच बोललास. चेन्नईला जाऊन मरू काय मी त्या टर्बोपायी?”

हरेशने वहिनीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

हेमाली नवऱ्यासमोर खाली बसली. त्याचा उजवा पाय उचलून तिने मांडीवर घेतला. तळव्याला टरारून फोड आला होता. केसरीनाथ अजून बॉनेटकडेच बघत होता.

“भावोजींनी टर्बो शिमग्यालाच काढला,” चप्पल अडकवत ती म्हणाली. “उशीर तुमचा पाय करतो.”