गुणवंतीचं भरलं भांडं

"कुणाला खरं वाटायचं नाय," खाटेवरून गुणवंतीने दाईला बजावलं, "पण अख्खी माहीमची खाडी रिकामी केली मी! ने ते भांडं, डाक्टरीणबाईंना दाखव."

दाई भांडं घेऊन गेली. गुणवंतीने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. ओटीपोट दगड झालं होतं. काल क्लोरोफॉर्म हुंगवून बाईंनी टाके घातले, तेव्हापासून लघवीचा थेंब उतरला नव्हता.

भांड्यात होतं ते शहाळ्याचं पाणी. सकाळी तिची सासू रखमा शहाळं घेऊन आली होती. "पी गो बाय, लघवी साफ होते. देवानेच औषध झाडाला टांगलंय." सासूची पाठ वळली आणि सुनेने औषध भांड्यात ओतलं. पिणार कुठे? आत जागाच नव्हती.

वरळी कोळीवाड्यात गुणवंतीच्या थापा नामांकित होत्या. वादळात सापडलेला नवऱ्याचा मचवा एका घोळ माशाने शेपटीने ढकलत बंदराला आणला, हे ती अशा थाटात सांगे की मचव्यात बसलेल्या नवऱ्यालाही वाटे, आणला असेल बुवा. फक्त स्वतःच्या थापेवर तिला हसता येत नसे. धाकट्याच्या बाळंतपणापासून हसली, खोकली, पाटी उचलली की लुगडं भिजे. बाजारात बाया म्हणत, "गुणवंतीची मासळी ताजी गो, पाणी अजून गळतंय!" त्या एका टोमण्यापायी ती इस्पितळाची पायरी चढली. प्लेगचा गाठीचा ताप मुंबईत यायला अजून वर्ष होतं, तरी इस्पितळात गेलेलं माणूस कोळीवाडा मेल्यातच धरी.

आता गळणं थांबलं होतं. सगळंच थांबलं होतं.

"उतरलं नाही तर नळी घालू," बाई म्हणाल्या होत्या.

नळी! गुणवंतीने शेजारच्या खाटेकडे चोरून पाहिलं. परळच्या एका गिरणीवाल्याची बायको सुभद्रा तिथे पडली होती. दुखणं तेच, टाकेही तेच. गुणवंती दाखल झाली त्या दिवशी हीच सुभद्रा 'लघवी मोकळी झाली, मोकळी झाली' म्हणून दाईला सांगत होती. मग एका दुपारी ती किंचाळली. पडदा ओढला, नळी घातली. पडदा सरला तेव्हा खाटेवर मेणाची बाई! अंगात ताप, नळीतून लाल पाणी. त्यानंतर तिने भिंतीकडचं तोंड वळवलं नव्हतं. नळीने जित्ती बाई खाल्ली, हे गुणवंतीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

डाक्टरीणबाई हसत आल्या. "शाबास! मग नळी नको. उद्या घरी. पाटी मात्र लगेच उचलायची नाही हं."

"नाय बाई, धाकट्यालापण उचलायची नाय!"

कळ उठली. गुणवंतीने दातांत पदर धरला. जाळ्यात आलेला केंड मासा फुगत जातो, फुगत जातो, तसं आपलं झालं तर? घरी गेल्यावर उतरेल. उतरेलच. आणि नाही उतरलं तर? कपाळावरचा घाम डोळ्यांत गेला, पण ती हसत राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या थापेवर कुणाचा पुरता विश्वास बसला होता, आणि तिलाच त्याची धास्ती वाटत होती.

बाई वळल्या.

"खोटं!" भिंतीकडचं तोंड हळूहळू इकडे झालं. सुभद्रेचे ओठ फुटले होते. "खोटं सांगतेय ती, बाई. मी ऐकलंय, शहाळं ओतलंय त्यात."

गुणवंती कोपरावर उठली. "मेले, तुझं काय घेतलं मी? मलापण नळी घालून मारायचीय तुला?"

"नळीने नाही गं झालं हे," सुभद्रा म्हणाली. "नळी नको म्हणून मीपण दोन दिवस शहाळंच ओतत होते."